सातबारा नसलेला बंगला

भंडारदऱ्याचा जलाशय बघून माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, यावरून तो कुठला ते साधारण ओळखता येतं. मुंबईचा विचारतो, पाण्यात उतरू देतात का. नाशिकचा कोणी न विचारता सांगतो की, आमच्याकडे याहून मोठी धरणं आहेत. श्रीरामपूर-राहुरीकडचा शेतकरी आधी पातळी बघतो आणि कालव्याचं आवर्तन कधी सुटणार याची चौकशी करतो. पुण्याचा माणूस मात्र दोन्ही हात कमरेवर ठेवतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, "इथे आपली एखादी जागा पाहिजे होती."

पुणेकराला निसर्ग दिसतो तोच मुळी प्लॉट पाडलेला. कळसूबाई दिसली की तो 'शिखराचा व्ह्यू' म्हणतो, १६४६ मीटर वगैरे नंतर. पण भंडारदऱ्यानं या बाबतीत पुणेकराला पुरतं नामोहरम केलं आहे. जलाशयाच्या काठाची बरीचशी जमीन पाटबंधारे खात्याची, डोंगर वनखात्याचे, त्यावर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, आणि मधल्या भातखाचरांची मालकी महादेव कोळ्यांकडे. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर सहजासहजी होत नाही. कायदा फार चांगला आहे. तो नसता तर आज काठावरच्या शेंडीपासून रतनवाडीपर्यंत रो-हाऊसेस उभी असती आणि दर तिसऱ्या फाटकावर 'प्रवरा व्ह्यू' अशी पाटी असती. पण कायदा चांगला आहे हे मान्य करूनही जागेची हौस जात नाही, फक्त वाट शोधत राहते.

आमच्या घरात ही वाट टेक्सासहून आली. तिकडे आमचे साडू असतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे एक फिफ्थ व्हील ट्रेलर घेतला आहे आणि तेव्हापासून ते जगाकडे पार्किंगच्या दृष्टीनं बघतात. गेल्या हिवाळ्यात ते पुण्यात आले आणि जेवणं झाल्यावर बडीशेप चघळत त्यांनी जाहीर केलं, "चाकं असलेल्या घराला सातबारा लागत नाही."

खोलीत शांतता पसरली. एवढं सोपं उत्तर इतकी वर्षं कोणालाच कसं सुचलं नव्हतं! ना सातबारा, ना एनए, ना तलाठी, ना शेजारच्याचा बांध. घर ओढत न्यायचं, पाण्याकडे तोंड करून उभं करायचं आणि कंटाळा आला की ओढत परत आणायचं.

फिफ्थ व्हील म्हणजे काय, हे साडूंनी फोनमधल्या फोटोंवरून समजावून सांगितलं. आपल्याकडे ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे हुकाला अडकवतात. यात तसं नसतं. दणकट पिकअप गाडीच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर, एक जाड पोलादी तबक बसवलेलं असतं. ट्रेलरची मान उंच होऊन पुढे येते, तिच्याखालची किंगपिन त्या तबकाच्या जबड्यात खटकन बसते आणि सगळं घर हत्तीवर अंबारी ठेवावी तसं पिकअपच्या पाठीवर रेलतं. वजन मागे लोंबकळत नाही, आसावर येतं, म्हणून गाडी रस्त्यावर शेपूट हलवत नाही. उंच झालेल्या त्या मानेत बहुधा मालकाची झोपायची खोली असते. विमानं बांधणाऱ्या ग्लेन कर्टिस यानं १९२० च्या दशकात 'एरोकार' नावाचे असे ट्रेलर काढले होते. विमानवाल्याला जमिनीवर घर ओढत न्यावंसं का वाटलं असेल, यावर आमच्याकडे थोडी चर्चा झाली. दिवसभर उडून आलेल्या माणसाला घर निदान जिथल्या तिथे सापडावं असं वाटतं, हा माझ्या बायकोचा तर्क मला पटला.

आणि मग निवड सुरू झाली.

पहिला ट्रेलर कसा निवडावा यावर अमेरिकेत म्हणे माणसं महिनोन्‌महिने डोकेफोड करतात. आम्हालाही तेवढाच वेळ लागला, पण आमची डोकेफोड वेगळ्या जागी झाली. साडू घसा फोडून सांगत होते की आधी पिकअपची ताकद बघा, मग ट्रेलरचं एकूण वजन बघा, त्याचा साधारण पाचवा हिस्सा किंगपिनवर येतो तो बघा, टायर बघा, ब्रेक बघा. ते कोणी ऐकत नव्हतं. आम्ही फ्लॅट बघत होतो.

"कार्पेट एरिया किती?" हा पहिला प्रश्न माझा. पस्तीस फूट गुणिले आठ फूट म्हणजे दोनशे ऐंशी चौरस फूट. पुण्याच्या हिशेबानं वन आरके. पण साडू म्हणाले, थांबा, याला स्लाइड-आऊट आहे. गाडी उभी केली की बटण दाबायचं, बैठकीची भिंत सोफ्यासकट बाहेर सरकते आणि हॉल दोन-तीन फुटांनी वाढतो. हे बघून माझे डोळे पाणावले. पुण्यात दोन-तीन फुटांसाठी माणूस गॅलरी बंद करतो, मग सोसायटीची नोटीस येते, मग महापालिकेची येते, मग तो दोन्ही नोटिसा त्याच बंद गॅलरीतल्या कपाटात ठेवतो. तिकडे हे काम बटणावर होतं.

दुसरा प्रश्न वास्तूचा. आमच्या घरात यातल्या जाणकार एक आत्या आहेत. त्यांनी नकाशा उभा-आडवा फिरवून बघितला आणि विचारलं, "स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का?" साडू म्हणाले, "आत्या, ते गाडी कुठल्या दिशेला चालली आहे त्यावर आहे." आत्यांनी विचार केला. भंडारदऱ्याला पाण्याकडे तोंड करून लावली तर ओटा आग्नेयेला आणि संडास ईशान्येला. संडास हलवावा म्हणून गाडी फिरवली तर ओटा हलतो आणि खिडकीतून पाण्याऐवजी एमएसईबीचा खांब दिसतो. शेवटी आत्यांनी तोडगा काढला की चालत्या वास्तूला दोष लागत नाही, फक्त उभी करताना नारळ फोडावा. दर मुक्कामाला एक नारळ, हे साडूंनी खर्चात धरलं.

देवघर कुठे, हा प्रश्न साडूंच्या फोटोत सुटत नव्हता. आपल्याकडचे नियम काढून बघितले तर तिथेही सुटेना. पुण्यातल्या एआरएआयनं मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक केलेलं आहे. कॅराव्हॅन कशाला म्हणायचं? जिच्यात बसायची जागा आणि टेबल आहे, झोपायची सोय आहे, स्वयंपाकाची सोय आहे, सामान ठेवायची सोय आहे, तिला. चार गोष्टी. एआरएआयची टेकडी कोथरूडच्या डोक्यावर, आणि कोथरूडला खेटून केलेल्या मानकात देवघर नाही, लोणच्याच्या बरण्यांची फळी नाही, पायपुसण्याचा उल्लेख नाही. टेकडीवर रोज सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी कोणी आत जाऊन विचारायला हवं होतं.

पण सगळ्यात लांबलेली चर्चा झाली ती संडासावर. ती थोडक्यात सांगतो, कारण जेवताना वाचणारेही असतील. अशा ट्रेलरच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी अंघोळीच्या आणि खरकट्या पाण्याची, आणि तिसरी जिला तिकडे सरळ 'काळी टाकी' म्हणतात. ती भरली की ठरावीक ठिकाणी जाऊन, जाड नळी लावून रिकामी करायची असते. "रिकामी कोण करतं?" बायकोनं विचारलं. "आपणच," साडू म्हणाले. "हातमोजे मिळतात."

यानंतर घरातल्या निम्म्या मंडळींचा रस संपला. उरलेल्यांनी, म्हणजे पुरुषांनी, भंडारदऱ्याला ती कुठे रिकामी करायची यावर विचार केला. शेंडीला तशी सोय नाही. धरणाच्या वर उतारावर काही करायचं म्हटलं तर ते प्रवरेत उतरतं. भंडारदरा भरलं की ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी असतं आणि ते निळवंड्यातून पुढे अकोले, संगमनेरपासून पार श्रीरामपूरच्या कालव्यांपर्यंत जातं. खालच्या शेतकऱ्याला आवर्तन लवकर हवं असतं हे खरं, पण असं नको असतं. तेव्हा टाकी भरलेली पुण्याला परत आणायची असं ठरलं. म्हणजे निसर्गाच्या सान्निध्यात जायचं, निसर्गाच्या हाकेला ओ द्यायची आणि ती ओ पावणेदोनशेएक किलोमीटर ओढत घरी आणायची.

वजनाचा विषय यातूनच निघाला. साडूंनी 'ड्राय वेट' ही कल्पना सांगितली, म्हणजे कारखान्यातून निघताना रिकाम्या ट्रेलरचं वजन. "म्हणजे लग्नाआधीचं," बायको म्हणाली. नंतर त्यात काय-काय भरायचं ते लिहायला ती बसली. पाणी म्हणजे लिटरला एक किलो, टाकी दोनशे-सव्वादोनशे लिटरची. गॅसचे सिलिंडर. दोन कुकर, कारण एकात भात लावला की आमटीचं काय? मिक्सर. खलबत्ता, कारण वीज गेली तर? पोळपाट-लाटणं, परात, किसणी, विळी. गोधड्या, कारण पांघरुणं उबदार नसतात, गोधड्या असतात. चकलीचा सोऱ्या यादीत का आला याचा खुलासा झाला नाही. सामानासाठी ट्रेलरला ठरावीक किलोंचीच मुभा असते, ती यादीच्या पहिल्याच पानावर संपली. मराठी कुटुंब सहलीला निघतं तेव्हा घर मागे ठेवून जात नाही, त्याला फक्त कुलूप लावतं. आतलं सगळं बरोबर असतं.

या सगळ्यात आमच्या सासूबाई गप्प होत्या. साडू आणि मी, दोघांनाही त्यांचा धाक सारखाच आहे, त्यामुळे त्या गप्प असल्या की आम्ही दोघंही अस्वस्थ होतो. त्यांचं माहेर लोणीकडचं. यादी वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ओढणार कोण?"

हाच प्रश्न साडू पहिल्या दिवसापासून निराळ्या शब्दांत विचारत होते, पण ते पौंडांत विचारत होते म्हणून कोणाला कळला नव्हता.

लोणीच्या माणसाला ओढण्याबद्दल शिकवायला जाऊ नये. भंडारदऱ्याची दगडी भिंत १९१० ला बांधायला घेतली आणि १९२६ ला पुरी झाली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचं नाव तिला मिळालं. तिनं अडवलेल्या पाण्यानं खाली नगर जिल्ह्यात ऊस उभा राहिला, आणि विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास लोणीच्या शेजारी प्रवरानगरला आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना चालू केला. तेव्हापासून या पट्ट्यात दिवाळीनंतर जे रस्त्यावर दिसतं ते सासूबाई लहानपणापासून बघत आल्या आहेत. बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यात दाणागोटा, चूल, पत्र्याची पेटी, कोंबड्या, शेळी, वर बसलेली पोरं, आणि कोपी उभी करायला लागणारं सामान. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत घर हे असंच. सातबारा त्यांचाही नसतो, पण त्या कारणानं कोणी त्यांचा हेवा केल्याचं सासूबाईंना आठवत नव्हतं. "ती माणसं ट्रॉलीत काय भरायचं ते शेवटी बघतात," त्या म्हणाल्या. "आधी ट्रॅक्टर बघतात."

मला नंतर जाणवलं की पुण्याहून भंडारदऱ्याला जायचा रस्ता म्हणजे चाकांवरच्या संसाराचं चालतं-बोलतं पाठ्यपुस्तक आहे. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात. एकेक फड म्हणजे पन्नास-शंभर माणसं, त्यांचा स्वयंपाक, स्टेज, जनरेटर, पेट्या, सगळं ट्रकमध्ये. रात्री एका गावाला खेळ, सकाळी दुसऱ्या गावाला मुक्काम. त्यांच्यात कोणी स्लाइड-आऊट आहे का विचारत नाही, ट्रक वेळेवर पोचेल का विचारतात. पुढे आषाढीसाठी आळंदीहून निघणाऱ्या दिंड्या आठवा. दिंडीचा ट्रक माणसांच्या आधी पुढच्या मुक्कामाला पोचतो, राहुट्या उभ्या राहतात, पिठलं शिजतं, आणि शेकडो वारकरी चालत येऊन जेवून झोपतात. जगातली कोणतीही कॅम्पिंगची कंपनी हे एवढ्या पैशात करून दाखवणार नाही. फरक इतकाच की दिंडीत घर पुढे जातं आणि माणसं चालतात. आमच्या योजनेत माणसं बसणार होती, घर मागून येणार होतं, आणि घाटात नेमकं उलटंही होऊ शकलं असतं.

तरीही हौस ती हौस. साडू आणि मी चाकणच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅन, फिरते दवाखाने आणि वडापावचे ट्रक एकाच शेडखाली बांधतात, कधी कधी एकाच नकाशावरून. मिस्त्रींना साडूंनी फिफ्थ व्हीलचा फोटो दाखवला. मिस्त्रींनी चष्मा वर केला, फोटो बघितला आणि आम्हाला शेडच्या दारात नेऊन रस्त्याकडे बोट केलं. चाकणच्या कारखान्यांतून नव्या कोऱ्या गाड्या घेऊन निघालेला भलामोठा ट्रेलर समोरून चालला होता. तेच तबक, तीच किंगपिन, वर ग्रीसचा थर. "हे तर रोजचंच आहे साहेब," मिस्त्री म्हणाले. "फक्त यात झोपायला मागत नाही कोणी. ड्रायव्हर झोपतो, तो पुढं केबिनमध्ये."

मग त्यांनी शांतपणे हिशेब मांडला. साडूंच्या ट्रेलरएवढं घर भरलं की पाच-सहा टनांच्या घरात जातं. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे टनाच्या वर नुसता पिकअपच्या पाठीवर. आपल्याकडे बाजारात भाजी घेऊन येणारी पिकअप साधारण दीड टन घेते, म्हणजे मालक बसायच्या आधीच ती जवळजवळ भरली. मागचे साडेचार टन ओढायचे ते वेगळेच. ट्रेलरची आरटीओत स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र नंबर. आणि लांबी? गाडी आणि घर मिळून पन्नास फुटांच्या पुढे. "सोसायटीत लावणार का?" त्यांनी विचारलं. सोसायटीत मला जी जागा दिली आहे ती सोळा फुटांची आहे आणि तिच्यातही सेक्रेटरींची सायकल असते.

"ओढायची नका घेऊ," मिस्त्री म्हणाले, "चालायची घ्या." म्हणजे आकुर्डीच्या फोर्सचा ट्रॅव्हलर घ्यायचा आणि त्याच्या आत दोन पलंग, एक ओटा, एक छोटा संडास बसवायचा. आपल्या रस्त्यांना हेच बरं. सरकारचंही साधारण हेच म्हणणं दिसतं. २०२१ साली महाराष्ट्रानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनं त्याच वर्षी 'केरवान केरळ' काढलं. अशा गाड्यांसाठी पाणी, वीज, सांडपाणी यांची सोय असलेले पार्क व्हावेत, ही त्यातली कल्पना. साडूंना मात्र हे पटेना. चालत्या गाडीत राहणं म्हणजे त्यांच्या मते बसमध्ये राहणं. घर मागे हवं, आपण पुढे हवं, आणि तळावर पोचल्यावर घर सोडून पिकअपनं दूध आणायला जाता यायला हवं. हा मुद्दा खरंच बिनतोड आहे. ट्रॅव्हलरमधून दूध आणायला जायचं तर अंथरुणातल्या सासूबाईंनाही बरोबर न्यावं लागतं.

शेवटी प्रत्यक्ष रस्ता बघू असं ठरलं. मोटारीनं निघालो, साडूंच्या हातात मेजरिंग टेप. संगमनेरपर्यंत त्यांचा उत्साह टिकला. अकोले सोडल्यावर विठा घाट लागला. प्रत्येक वळणावर ते मनातल्या मनात पन्नास फूट वळवून बघत होते, चेहऱ्यावरून कळत होतं. एका वळणावर समोरून एसटी आली, तिच्या मागे दोन जीप, आणि आमचा चालक सहज मागे सरकला. "आता ट्रेलर असता तर?" मी विचारलं. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं आणि मागे उभं राहून कोणालातरी खुणा कराव्या लागतात, हे साडूंनीच शिकवलं होतं. आमच्या घरात खुणा करायला एकाच वेळी चौघं उतरतात आणि चौघंही "येऊ दे, येऊ दे" म्हणतात, गाडी भिंतीला लागेपर्यंत. साडू काही बोलले नाहीत. राजूरला पेढे घेतले तेव्हा जरा सावरले.

जलाशयाभोवतीचा रस्ता म्हणजे शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत. हा रस्ता मनानं फार सुंदर आहे आणि रुंदीनं फार नम्र. मे महिना संपत आला होता, म्हणजे काजव्यांचे दिवस. पहिल्या पावसाआधी या पट्ट्यात हिरड्या-बेहड्याच्या, सादड्याच्या, जांभळीच्या झाडांवर लाखो काजवे एका तालात उघडझाप करतात, आणि ते बघायला खाली तेवढ्याच गाड्या हेडलाइट लावून उभ्या असतात. काजवा चमकतो तो जोडीदार मिळावा म्हणून. त्यानं रात्रभर डोळे मिचकवावेत आणि समोरून एखाद्या गाडीचा हाय बीम यावा, हे कोणत्याही वधू-वर सूचक मंडळात खपलं नसतं. वनखातं दिवे बंद करा म्हणून सांगत असतं. साडूंच्या ट्रेलरच्या छज्ज्याला निळ्या एलईडीची माळ आहे. ती इथे लावली असती तर बिचाऱ्या नरांनी थेट छज्ज्यालाच मागणी घातली असती.

मुरशेतच्या अलीकडे काठावर रंगीबेरंगी तंबू दिसले. गावातला एक तरुण ते चालवतो. दुपारी पोचा, भजी-चहा, रात्री भाकरी, पिठलं किंवा कोंबडी, ठेचा, भात, शेकोटी, सकाळी पोहे. गाद्या त्याच्या, भांडी त्याची, संडास बांधलेला आहे आणि त्याची कोणतीच टाकी आम्ही पुण्याला न्यायची नाही. तो आणि त्याची आई मिळून एवढ्या माणसांना जेवायला घालत होते, तेही एका चुलीवर आणि एका गॅसवर. बायकोनं मनातल्या मनात आपल्या यादीतला दुसरा कुकर खोडला असावा.

साडूंनी त्याला योजना सांगितली. इथेच, पाण्याच्या अगदी काठाला, सपाट जागा बघून ट्रेलर लावायचा. त्यानं टेप धरायला मदत केली. पस्तीस फूट मोजले, चार दगड ठेवले. मग जरा ओशाळून म्हणाला, "काका, जागा चांगली हाय. पण पंधरा ऑगस्टला हितं आपल्या डोक्यावर पाणी असतंय."

साडूंनी पाण्याकडे बघितलं. मेमधला काठ आणि ऑगस्टमधला काठ एकच नसतो, हे टेपमध्ये मोजता येत नाही. घाटघर-रतनवाडीला पाऊस पडायला लागला की धरण झपाट्यानं चढतं, आणि काठावरचा प्लॉट तळाशी जातो. सातबारा नसल्याचा एक तोटा असा की बुडाल्याची नोंदही कुठे होत नाही.

"मग वर लावू," साडू म्हणाले. आणि तो पोरगाही आता विचार करायला लागला होता. वर त्याच्या घराशेजारी खळ्याची जागा होती. वीज होती, पाणी होतं. त्यानं दगड परत जागेवर टाकले, हात झटकले आणि म्हणाला, "असं करा. तुम्ही गाडी आणा, खळ्यात लावून ठेवा. तुम्ही काय अमेरिकेत ऱ्हाणार. शनवार-रविवार मी ती पाव्हण्यांना देतो. एसीत झोपायला मागतेत लोक. तुमचं-माझं निम्मं-निम्मं."

"आणि आम्ही आलो तर?" साडूंनी विचारलं.

"तुमच्यासाठी तंबू हायेच की."

साडू गंभीर झाले. टेक्सासमधला ट्रेलर, चाकणचे मिस्त्री, विठा घाट, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. ते काही बोलायच्या आत मागे खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंनी भजी खाली ठेवली आणि त्या पोराला विचारलं,

"तंबूचे पैसे लावणार का रे मग?"